गुडघा आधी, कोर्ट नंतर

पत्र थोडक्यात

पत्र लिहिणारा २२ वर्षांचा आहे. गाव भोर तालुक्यात, सध्या मुक्काम पुण्यात नऱ्ह्याला, भरतीची तयारी करणाऱ्या चौघांबरोबर एका खोलीत. दोन वर्षं घासून स्टाफ सिलेक्शनच्या जीडी परीक्षेतून एका केंद्रीय निमलष्करी दलात कॉन्स्टेबल म्हणून लागला आणि परराज्यातल्या ट्रेनिंग सेंटरला गेला. सतराव्या आठवड्यात ऑब्स्टॅकलवर खंदक ओलांडताना उजवा गुडघा पिळवटला. एमआय रूममध्ये, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, गोळ्या, क्रेप बँडेज आणि तीन दिवसांची 'एक्स्क्यूज', म्हणजे कवायतीतून सूट, मिळाली, चौथ्या दिवशी पुन्हा पीटी. दोन महिने तसंच रेटल्यावर बाहेरच्या इस्पितळात एमआरआय झाला. त्यात एसीएल हा गुडघ्यातला बंध फाटलेला आणि आतल्या गादीला इजा, असं निघालं. सहा आठवडे विश्रांती, लगेच धावण्याची चाचणी, त्यात नापास. मग 'प्रशिक्षणात अपेक्षित दर्जा गाठता आला नाही' एवढं लिहून, एक महिन्याचा पगार हातात देऊन सेवा समाप्त. निघताना ऑफिसात तीन कागदांवर सह्या घेतल्या, त्यातल्या एकावर काय होतं ते आठवत नाही. या गोष्टीला सात महिने झाले. घरी सांगितलंय की 'सिक लीव्हवर आहे'. गावात कुजबुज आहे की ट्रेनिंगमधून पळून आला. मामा म्हणतात लेबर कोर्टात जा. मामांच्याच ओळखीतला एक माणूस दोन लाखांत 'दिल्लीहून परत जॉइनिंग' आणून देतो म्हणतोय. पत्रलेखक स्वतः पोलीस भरतीच्या मागे लागलाय, रोज पहाटे पर्वती चढतो. त्याचे प्रश्न: केस करू, की गप्प बसून पुढची भरती मारू? केस केली तर सरकारी नोकरीचं दार कायमचं बंद होईल ना? आणि मुळात मीच कमी पडलो, तर भांडू कशाच्या जोरावर?

उत्तर

तुला 'तू'च म्हणते. माझा धाकटा तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आहे.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती, जुनी सवय. 'मी कमी पडलो' हे वाक्य तू पाच वेळा लिहिलं आहेस. 'गुडघा' हा शब्द मात्र तीनदाच, आणि 'एमआरआय' एकदा, तोही कंसात. ज्या गोष्टीमुळे सगळं घडलं ती कंसात आणि जी कोणी सिद्ध केलेली नाही ती पानभर. तुझी खरी अडचण मला इथेच दिसते. तुझ्या हातात जी ऑर्डर दिली तिच्यात दुखापतीचा शब्द नाही, म्हणून तूही स्वतःची गोष्ट त्या ऑर्डरच्या भाषेत सांगायला लागला आहेस. बाळा, ती भाषा तुझी नाही. ती आस्थापना शाखेतल्या क्लार्कची आहे. ती भाषा मी २८ वर्षं लिहिली आहे, म्हणून ओळखते.

पण ऑर्डरकडे नंतर येऊ. आधी पर्वती.

रोज पहाटे पर्वती चढतोस हे तू अभिमानानं लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत, जाता जाता, 'उतरताना गुडघा सुटल्यासारखा होतो'. पर्वतीच्या त्या पायऱ्या मी निवृत्तीनंतर कितीतरी वर्षं चढले. रुंद, पसरट, पुढे कललेल्या. उतरताना एका पायरीवर दोन पावलं पडतात आणि दुसरं पाऊल नेमकं जरा वळत पडतं. ज्याचा एसीएल धड आहे त्याला ते जाणवतही नाही. ज्याचा फाटलाय त्याचा गुडघा तिथेच निसटतो, आणि प्रत्येक निसटण्यात आतली गादी आणखी कातरली जाते. गुडघा 'सुटतो' हे दुखण्याहून वेगळं लक्षण आहे. ते ऑर्थोपेडिक डॉक्टरला जसंच्या तसं, याच शब्दात सांग. आणि सांगेपर्यंत पर्वती बंद, तळजाई बंद, सोळाशे मीटर बंद.

हे आईच्या मायेनं सांगत नाहीये. यात तुझ्या केसचा प्रश्न आहे. तुझ्यासमोर 'लढू की नको' अशी एकच वाट तू मांडली आहेस, पण त्या 'लढण्या'त दोन वेगवेगळ्या मागण्या एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, 'गुडघा बरा होण्यासारखा होता, मला पुढच्या बॅचमध्ये टाकायला हवं होतं, परत घ्या.' दुसरी, 'सरकारी कामावर असताना गुडघा कायमचा गेला, त्याची भरपाई आणि पेन्शन द्या.' दोन्ही मागण्या रास्त असू शकतात. पण एका पायावर दोन्ही उभ्या राहत नाहीत. परत घ्या म्हणणाऱ्यानं बरा होतो हे दाखवायचं असतं, पेन्शन मागणाऱ्यानं बरा होत नाही हे. यातली तुझी मागणी कोणती हे मी नाही सांगू शकत, वकील तर नाहीच नाही, मामाही नाहीत. ते गुडघा सांगेल. म्हणून पहिलं काम ससूनच्या ऑर्थोपेडिक ओपीडीत, नाहीतर विश्वासातल्या एखाद्या डॉक्टरकडे जुन्या एमआरआयसकट जाणं. त्यांना दोनच प्रश्न लेखी विचार: ऑपरेशन लागेल का, आणि उपचारानंतर धावण्या-उडी मारण्याचं काम जमेल का. ऑपरेशन झालंच तर पुन्हा जोरात पळापळीला यायला साधारण नऊ महिने धर. खर्चाच्या आकड्यानं मागे सरू नकोस, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का ते इस्पितळातल्या आरोग्यमित्राला विचार. आणि चोरून पळत राहिलास तर उद्या समोरचा वकील म्हणेल, हा तर पोलीस भरतीचं ग्राऊंड मारत होता, गुडघा ट्रेनिंगमध्ये गेला कशावरून?

आता ती ऑर्डर. पत्रात लिहिलंयस की ती पेटीत, युनिफॉर्मच्या घडीखाली ठेवली आहे. काढ. उजेडात बस आणि तिच्यात तीन गोष्टी शोध: कुठला नियम लिहिलाय, कारण काय लिहिलंय, सही कोणाची आहे.

मी नोकरीत असताना माणसाला कमी करण्याच्या ऑर्डरी टाइप केल्या आहेत, तपासल्या आहेत, एकदा चुकीची ऑर्डर माझ्याच टेबलावरून गेली आहे. एक गुपित सांगते. मसुदा जितका आखूड तितका साहेब निर्धास्त. कारण लिहिलं की ते सिद्ध करावं लागतं. दोष लिहिला की माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, चौकशी लावावी लागते. म्हणून नव्या माणसाला काढताना 'समाधानकारक नाही', 'अपेक्षित दर्जा नाही' असं गुळगुळीत लिहून महिन्याचा पगार द्यायचा, काम झालं. नियमात ती सोय आहेच. सीआरपीएफच्या १९५५ च्या नियमांत पहिल्या तीन वर्षांच्या काळात एक महिन्याच्या नोटिशीवर कमी करता येतं, तात्पुरत्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६५ च्या नियमांतही तशीच तरतूद आहे. तेव्हा 'असं काढताच येत नाही' असं तुला कोणी छाती ठोकून सांगत असेल तर त्याच्यापासून जरा जपून. काढता येतं. खरोखरच जो तयार होत नाही अशा रंगरूटाला काढलं तर कोर्ट सहसा हात घालत नाही.

पण तुझ्या बाबतीत 'तयार झाला नाही' आणि 'जखमी झाला' यातलं खरं कुठलं, हा प्रश्न आहे. सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं १९७४ मध्ये शमशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सांगून ठेवलंय की प्रोबेशनवरच्या माणसाला काढणारी ऑर्डर दिसायला कितीही निरुपद्रवी असली तरी शब्दांचा पडदा बाजूला करून मूळ कारण बघता येतं. तुझ्या पडद्यामागे काय आहे बघ: खंदकावरची उडी, एमआय रूमच्या रजिस्टरातली नोंद, एमआरआयचा रिपोर्ट, सहा आठवड्यांची विश्रांती आणि तिच्यानंतर लगेच चाचणी. पूर्ण फाटलेला एसीएल सहा आठवडे पडून राहून सहसा सांधत नाही, हे एमआरआय वाचणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला ठाऊक असतं. मग चाचणी कशाची घेतली? दलांमध्ये जवानाची तब्येत 'शेप' पद्धतीनं ठरवतात. त्यातला 'ए' हातापायांचा. तुझा मेडिकल बोर्ड, म्हणजे डॉक्टरांच्या समितीकडून तपासणी, झाला का? कॅटेगरी खाली आणली का? पुढच्या बॅचला रिलीगेट करण्याचा, म्हणजे मागे ठेवून तिच्याबरोबर ट्रेनिंग देण्याचा, विचार फाइलवर कुठे आहे का? अपघाताची चौकशी, म्हणजे कोर्ट ऑफ एन्क्वायरी, बसली का आणि तुझा जबाब कोणी घेतला का? ही चार उत्तरं 'नाही' असतील तर तुझ्या म्हणण्याला वजन आहे. बोर्ड करायचा होता तिथे चाचणी घेतली, हे तुझं एका ओळीतलं म्हणणं.

आणि तो तिसरा कागद, ज्यावर काय होतं आठवत नाही. मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच आहे. ट्रेनिंगमधून निघणाऱ्या पोरांकडून 'मैं स्वेच्छा से...' छापाचा हिंदी अर्ज लिहून घेतल्याचं मी याआधीही ऐकलंय. तो राजीनामा असेल तर सगळं चित्र पालटतं. राजीनामा दिलेल्याची कोणी नोकरी काढून घेतलेली नसते, त्यानं सोडलेली असते. म्हणून आजच्या आज एक वही घे आणि त्या दिवसाचं सगळं लिही. कोणतं ऑफिस, किती वाजता, टेबलापलीकडे कोण, काय म्हणाले, तू स्वतःच्या हातानं काही लिहिलंस की छापील कागदावर फक्त सही केलीस, शेजारी कोणता बॅचमेट होता. सात महिन्यांनी आठवतं ते सतरा महिन्यांनी आठवणार नाही. हातात मिळालेली ऑर्डर सेवासमाप्तीचीच आहे आणि तिच्यात राजीनाम्याचा उल्लेख नाही, एवढं तुझ्या पत्रावरून दिसतं. ते तुझ्या बाजूचं आहे.

'अपंगत्व आलं म्हणून काढताच येत नाही, तसा कायदा आहे' असं तुझ्या रूममेटनं व्हिडिओ बघून सांगितलं, ते अर्धं बरोबर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं असतं. पण १८ ऑगस्ट २०२१ ला केंद्रानं अधिसूचना काढून केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या लढाऊ पदांना सूट दिली. रूममेटनं पाहिलेल्या व्हिडिओत हा भाग नसणार. असं असूनही दार पूर्ण लागलेलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात रवींदर कुमार धारीवाल यांच्या खटल्यात, ते सीआरपीएफचे अधिकारी आणि आजार मानसिक, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सध्याचं काम जमणार नसेल तर पगार राखून दुसरं काम द्या, हवं तर शस्त्राशी संबंध नसलेलं. त्याच्याही आधी, २००३ मध्ये, कुणाल सिंग या एसएसबी या केंद्रीय दलातल्या शिपायाचा ड्युटीवर पाय गेला आणि नोकरीही गेली, तेव्हा कोर्टानं जुन्या १९९५ च्या कायद्याखाली त्याला संरक्षण दिलं होतं. त्यामुळे हे कलम अर्जात जरूर असू दे, पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नकोस. तुझा मुख्य आधार वरचा: कारण लपवलं आणि बोर्ड केला नाही.

गुडघा कायमचा अधू राहणार असं डॉक्टर म्हणाले तर दुसरी वाट. केंद्रीय नागरी सेवा असाधारण निवृत्तिवेतन नियम मूळचे १९३९ चे, २०२३ मध्ये नव्यानं आले. नोकरीच्या कामामुळे झालेल्या इजेसाठी आहेत आणि माणूस तात्पुरता आहे म्हणून ते त्याला नाकारत नाहीत. 'सात-आठ महिन्यांच्या नोकरीला कसली पेन्शन' असं मामा म्हणाले असतील तर ते वयोमानाच्या पेन्शनबद्दल बरोबर, याबद्दल नाही. भरती झालास त्या दिवसांत एनपीएसचे, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचे, फॉर्म भरले असशील. त्यात मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास लाभ कोणत्या नियमांनी हवा याचा विकल्प असतो, तू काय भरलंस ते शोध. आणि सैन्याच्या एका जवानाच्या, धरमवीर सिंगच्या, २०१३ च्या निकालातला तर्क लक्षात ठेव: भरतीच्या वेळी डॉक्टरांनी धडधाकट लिहिलं आणि नंतर अपंगत्व आलं, तर ते नोकरीमुळे नाही हे सरकारनं दाखवायचं, जवानानं नाही. ते नियम सैन्याचे, पण तुला तर भरतीला पाच किलोमीटर चोवीस मिनिटांत पळवून घेतलं होतं. तेव्हा हाच गुडघा होता ना?

आता जायचं कुठे. लेबर कोर्टात नाही. मामांना माझा नमस्कार सांग, पण ते कारखान्याच्या अनुभवावरून बोलताहेत. कॅटमध्येही नाही. केंद्र सरकारच्या नोकरांचं ते न्यायाधिकरण असलं तरी १९८५ च्या कायद्यातच संघराज्याच्या सशस्त्र दलांना त्यातून वगळलंय. आणि सैन्यासाठीचं न्यायाधिकरण फक्त भूदल, नौदल, वायुदलाचं. म्हणजे उरतं ते उच्च न्यायालय, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध थेट तिथे केलेली याचिका. सेंटर परराज्यात होतं म्हणून तिकडेच जावं लागेल असं तुला वाटतंय, तसंही नाही. प्रकरणाचा काही भाग जिथे घडला तिथलं उच्च न्यायालयही चालतं. २०१४ मध्ये नवल किशोर शर्मा या बोटीवरच्या कामगाराला अनफिट ठरवून घरी पाठवलं, त्याला नकाराचं पत्र बिहारच्या घरी मिळालं, तर पाटण्यात दाद मागता येईल असं सुप्रीम कोर्ट म्हणालं. यावर समोरची बाजू हुज्जत घालेल हे धरून चाल. पण म्हणूनच तुझा पहिला अर्ज गावच्या नाहीतर नऱ्ह्याच्या पत्त्यावरून जाऊ दे आणि उत्तर याच पत्त्यावर येऊ दे. पुणे जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाकडे येतो, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय ते सातारा-सांगलीकडच्या जिल्ह्यांसाठी.

रिटच्या आधी खात्याकडे लेखी निवेदन. ऑर्डरवर ज्याची सही आहे त्याच्या वरच्या अधिकाऱ्याला, स्पीड पोस्टानं, पोच जपून. ऑर्डरमध्ये १९६५ च्या तात्पुरत्या सेवा नियमांचा उल्लेख असेल तर एक बारीक गोष्ट आहे: प्रकरण पुन्हा उघडायला नोटिशीपासून तीन महिन्यांची मुदत असते, तिच्यापुढे विशेष कारण नोंदवून. तुझे सात महिने झालेत. विशेष कारण म्हणून उपचार, परगाव, कागद हातात नसणं हे स्पष्ट लिही. रिटला अशी ठरलेली मुदत नाही, पण उशिराचं कारण कोर्ट विचारतंच, आणि नोकरी परत मागणाऱ्याला जास्त कडकपणे विचारतं. तेव्हा आणखी सात महिने घालवू नकोस.

निवेदन दोन पानांच्या वर नको. उस्तादानं शिवी दिली, रगडा लावला, मेसचं जेवण, ही सगळी मळमळ पहिल्या खर्ड्यात ओकून टाक आणि तो खर्डा स्वतःजवळ ठेव. पाठवायच्या कागदावर तारखा: कधी पडलो, कधी एमआय रूम, कधी एमआरआय, कधी चाचणी, कधी ऑर्डर. त्याखाली मागणी एकच: मेडिकल बोर्ड करा, माझे सर्व वैद्यकीय कागद आणि मी सह्या केलेल्या तिन्ही कागदांच्या प्रती द्या, आणि बोर्डाच्या मतानुसार मला पुढच्या बॅचमध्ये घ्या किंवा नियमाप्रमाणे लाभ द्या. कोणाला वाईट म्हणू नकोस. फाइल वाचणाऱ्या बाबूला तुझा राग दिसला की तो फाइल खाली सरकवतो. मीही सरकवल्या आहेत.

'माहिती अधिकार टाक' असं तुला चार जण सांगतील. टाक, पण समजून टाक. ही दलं २००५ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत, कलम २४ नं त्यांना त्या कायद्यातून वगळलंय. फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांबाबतची माहिती मागता येते. फाटलेल्या गुडघ्यानं दोन महिने पळवलं हे मानवी हक्कांत बसतं असा मुद्दा घेता येईल, नकार येईल तो अपिलात घेऊन जाता येईल. त्याच्या भरवशावर मात्र थांबू नकोस. एमआरआय बाहेरच्या इस्पितळात झाला होता ना? तिथे लेखी अर्ज दे. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णानं मागितल्यापासून ७२ तासांत त्याचे कागद द्यायचे असतात. बॅचमेटच्या मोबाइलमध्ये तुझा बँडेज बांधलेला फोटो नक्की कुठेतरी असेल. तारखेसकट मागवून घे.

वकिलाच्या फीची काळजी लिहिली आहेस. सेवाविषयक रिट करणारा वकील शोध, जमिनीच्या दाव्यांचा नको. आणि त्याआधी शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन ये. उत्पन्न मर्यादेत असेल, किंवा अनुसूचित जाती-जमातीचा असशील, किंवा दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर वकील मोफत मिळतो, उच्च न्यायालयासाठीही. १५१०० हा त्यांचा फोन. घरच्यांना सांगण्याआधी एकट्यानं जायचं असेल तरी हरकत नाही, तिथे 'कोणाला बरोबर आणा' असं कोणी म्हणत नाही.

केस केली तर दार बंद होईल का? नाही. कोर्टात गेला म्हणून कोणाला भरतीतून बाद करता येत नाही. तू सेवासमाप्ती आणि बडतर्फी यात गल्लत करतो आहेस. बडतर्फ झालेल्याला पुढची सरकारी नोकरी सहसा मिळत नाही. तुला बडतर्फ केलेलं नाही, शिक्षाही नाही. उलट, गप्प बसून पुढची भरती मारायची या तुझ्या बेतातच खरा धोका आहे. पोलीस असो की दुसरं दल, पडताळणीच्या फॉर्मवर आधीच्या सरकारी नोकरीबद्दल प्रश्न असतो. तिथे रिकामी जागा सोडलीस आणि नंतर उघड झालं, तर माहिती लपवली म्हणून काढतील, आणि त्या वेळी तुझ्या बाजूनं बोलायला कोणाकडे काही नसेल. मेडिकलला गुडघ्यावरची ऑपरेशनची खूणही लपत नाही. भरतीच द्यायची असेल तर गुडघा बरा झाल्यावर दे, आणि फॉर्मवर खरं लिही: 'प्रशिक्षणात दुखापत, सेवासमाप्ती, तारीख अमुक.' लाज वाटण्यासारखं त्यात एक अक्षर नाही.

आता घर. तुझ्या निवडीचा फ्लेक्स अजून एसटी स्टँडसमोर आहे, उन्हानं तुझा चेहरा निळा पडलाय, आणि गावी जाताना तू एक थांबा आधी उतरून शेतातून घरी जातोस, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. आई-वडिलांना सांग. फोनवर नको, गावी जाऊन. आणि सांगताना 'डिस्चार्ज', 'टर्मिनेशन' असले शब्द नकोत, त्यांना ते गुन्ह्यासारखे ऐकू येतील. 'ट्रेनिंगमध्ये गुडघा मोडला, त्यांनी इलाज न करता घरी पाठवलं, मी अर्ज केलाय' एवढं पुरे. एमआरआयची फिल्म बरोबर ने. बापाला इंग्रजी वाचता येत नसलं तरी फिल्म खिडकीकडे धरून गुडघा बघता येतो. 'पळून आला' म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायची गरज वडिलांनाच पडेल, आणि ते तुझ्यापेक्षा चांगलं देतील.

तू एका ठिकाणी लिहिलंस की खडकवासल्याच्या अधिकारी होणाऱ्या पोरांचं काही झालं तर सगळे धावतात, आमच्यासारख्यांना कोण विचारतं. तसं नाही रे. ट्रेनिंगमध्ये जायबंदी होऊन घरी परतलेल्या कॅडेटना वर्षानुवर्षं कोणी विचारत नव्हतं, माजी सैनिकाचा दर्जा नाही, उपचारांची सोय नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्वतःहून त्यांचा विषय हाती घेतला तेव्हा कुठे चर्चा सुरू झाली. तुझी बाजू तर एका बाबतीत त्यांच्याहून भक्कम आहे. तू पहिल्या दिवसापासून पगारी सरकारी नोकर होतास.

ज्यांची मुलं-मुली आज ट्रेनिंगला आहेत त्या वाचकांसाठी दोन शब्द. पोर फोनवर 'पाय दुखतोय पण चालवतो' म्हणालं तर शाबासकी देऊ नका. नडगीचं दुखणं महिनाभर टिकलं तर ते हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते, साध्या एक्स-रेत सुरुवातीला दिसतही नाही. सिक रिपोर्ट करायला सांगा, प्रत्येक वेळी नोंद झाली का विचारायला सांगा, आणि चिठ्ठीचा फोटो घरी मागवून ठेवा. रिलीगेट होऊन बॅच मागे पडली तरी नोकरी राहते.

तू मात्र सोमवारी ससून, मंगळवारी पेटीतली ऑर्डर घेऊन शिवाजीनगर. आणि त्या दोन लाखवाल्या माणसाशी मामांची बोलणी कुठवर गेली आहेत ते आज रात्रीच विचार. दिल्लीहून कोणी असं जॉइनिंग आणून देत नाही. पैसे दिले असतील तर कधी, कसे, कोणाच्या खात्यावर, ते मला लगेच कळव, आणि मामांना म्हणावं आता आणखी एक रुपयाही देऊ नका.